संकेतस्थळाची खरेदी : बनावट प्रशस्तिपत्रे आणि विक्रेत्याचे कर्तव्य

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके. घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या पाण्यावर येथे उसाची शेती उभी राहिली. रांजणगाव, सणसवाडी व कुरकुंभ येथे कारखानदारी आली. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. केडगाव-यवत परिसरातील गुऱ्हाळांचा गूळ दूरवरच्या बाजारपेठांत जातो, तर शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव मोरांमुळे व कृषी पर्यटनामुळे शहरवासीयांच्या परिचयाचे झाले आहे. अशा भागातील उत्पादकाला आता गिऱ्हाइकाची वाट पाहत बाजारात बसावे लागत नाही. संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील संकेतस्थळाच्या द्वारे तो थेट मुंबई-पुण्याच्या घरात पोहोचू शकतो.

संकेतस्थळ नव्याने तयार करून घेता येते. त्याचप्रमाणे दुसऱ्याचे चालू असलेले संकेतस्थळ विकतही घेता येते. चालते दुकान गिऱ्हाइकासह व नावासह घ्यावे, तसाच हा व्यवहार होय. मात्र दुकान डोळ्यांना दिसते, शेजारच्या दुकानदाराकडे चौकशी करता येते. संकेतस्थळाच्या बाबतीत खरेदीदाराच्या हाती बहुधा विक्रेत्याने मांडलेले आकडे आणि पडद्यावर झळकणारी ग्राहकांची प्रशस्तिपत्रे एवढाच पुरावा असतो. ही प्रशस्तिपत्रे बनावट असतील तर काय होते, विक्रेत्याने कोणती माहिती उघड केली पाहिजे आणि खरेदीदाराने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार ग्रामीण भागातील होतकरू तरुण, बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या दृष्टीने अगत्याचा आहे.

प्रशस्तिपत्राचे बळ कशात असते?

दुसऱ्याच्या अनुभवावर विश्वास ठेवून खरेदी करणे ही काही नवी गोष्ट नाही. बैलबाजारात जनावर घेण्यापूर्वी शेतकरी ते ज्या गावचे असेल त्या गावच्या माणसाला गाठून विचारतो. बियाणे घेताना गेल्या हंगामात ते पेरलेल्या शेजाऱ्याचा बांध पाहून येतो. या साक्षीला किंमत असते, कारण साक्षीदार ओळखीचा असतो, त्याचा शब्द खोटा ठरला तर गावात त्याचीच पत जाते, आणि त्याचा विक्रीत काही हितसंबंध असेल तर तोही गावाला ठाऊक असतो.

संकेतस्थळावरील अभिप्रायात या तिन्ही गोष्टींचा अभाव असू शकतो. लिहिणारा अनोळखी असतो, त्याला जाब विचारता येत नाही आणि त्याने पैसे घेऊन लिहिले काय, हे कळत नाही. कधी विक्रेता स्वतःच ग्राहकाच्या नावाने लिहितो. कधी नातेवाईक व नोकर यांच्याकडून लिहवून घेतले जाते. कधी असे अभिप्राय ठोक भावाने विकत घेतले जातात. खऱ्या ग्राहकाने केलेली तक्रार काढून टाकून केवळ स्तुती ठेवणे, हाही फसवणुकीचाच एक प्रकार होय.

खरेदी नेमकी कशाची होते?

चालू संकेतस्थळ विकत घेणाऱ्याने आपण चार वेगवेगळ्या गोष्टी घेत आहोत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिली गोष्ट डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. हे नाव कायमचे मालकीचे नसते. ठरावीक मुदतीसाठी नोंदवून वेळोवेळी त्याचे नूतनीकरण करावे लागते. भारताच्या ‘.इन’ नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. दुसरी गोष्ट संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे व ते चालविणारी संगणकीय रचना. तिसरी गोष्ट ग्राहकवर्ग. चौथी गोष्ट लौकिक, आणि प्रशस्तिपत्रे या लौकिकात मोडतात.

पहिल्या दोन गोष्टी थोड्या खर्चात नव्याने उभ्या करता येतात. मोठी किंमत दिली जाते ती ग्राहकवर्ग व लौकिक यांच्यासाठी; आणि बनावट करण्यास सर्वांत सोप्या गोष्टी नेमक्या याच दोन आहेत. अशा व्यवहारात सरासरी मासिक निव्वळ नफ्याला काही पटीने गुणून किंमत काढण्याची रीत आहे. समजा, विक्रेत्याने दरमहा २०,००० रुपये नफा सांगितला व २५ पट किंमत ठरली, तर खरेदीदार ५,००,००० रुपये देतो. प्रत्यक्ष नफा ६,००० रुपये असेल तर त्याच हिशेबाने योग्य किंमत १,५०,००० रुपये होते. दरमहा १४,००० रुपयांच्या खोट्या आकड्यापायी ३,५०,००० रुपयांचे नुकसान होते. खोटेपणाही २५ पटींनी वाढतो, तो असा.

मौन केव्हा फसवणूक ठरते?

स्थावर मालमत्तेच्या बाबतीत कायद्याने विक्रेत्यावर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे, पण खरेदीदारास माहीत नाही व साधारण काळजी घेऊनही कळू शकत नाही, तो विक्रेत्याने उघड केला पाहिजे. संकेतस्थळ ही स्थावर मालमत्ता नव्हे. तिच्या विक्रीसाठी भारतात असा स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे येथे प्रामुख्याने भारतीय करार अधिनियम, १८७२ चा आधार घ्यावा लागतो.

या अधिनियमाचे कलम १७ कपटाविषयी आहे. खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणे व वस्तुस्थिती मुद्दाम दडवून ठेवणे हे कपट होय. परंतु नुसते मौन हे सर्वसाधारणपणे कपट मानले जात नाही. बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तर मात्र ते कपट ठरते. कायद्याने हे घोड्याच्या विक्रीच्या उदाहरणांनी समजावून दिले आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून लिलावात विक्रेता काहीच बोलला नाही, तर ते कपट नाही. खरेदी करणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि खरेदीदाराने जर म्हटले, की आपण नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, व विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते.

घोडनदीच्या काठी वसलेल्या शिरूरच्या रहिवाशाला हे उदाहरण समजण्यास अवघड जाऊ नये. त्यातून निघणारा बोध मोलाचा आहे. ज्याने प्रश्न विचारला नाही, त्याच्यापुढे विक्रेत्याचे मौन निर्दोष ठरू शकते. ज्याने लेखी प्रश्न विचारला, त्याच्यापुढे मौनालाही अर्थ प्राप्त होतो आणि खोटे उत्तर हा तर पुरावाच होतो.

कलम १९ प्रमाणे कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने संमती मिळविली असेल, तर फसलेल्या पक्षास करार रद्द करण्याचा पर्याय मिळतो. तथापि त्यास एक अपवाद आहे. चुकीचे निवेदन किंवा कपटपूर्ण मौन यांमुळे संमती दिली गेली असेल, पण साधारण दक्षतेने सत्य शोधण्याची साधने खरेदीदाराजवळ होती, तर करार रद्द करता येत नाही. सारांश, विचारणे व पाहणे ही दोन्ही कामे खरेदीदाराने केली पाहिजेत.

ग्राहक संरक्षणाच्या तरतुदी

ग्राहक चळवळीच्या इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या अधिनियमात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणारी जाहिरातही दिशाभूल करणारी मानली आहे. तशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून आपल्याच मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. ९ जून २०२२ रोजी जारी झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रशस्ती ही ती करणाऱ्याचे खरे व सध्याचे मत असली पाहिजे. ती पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी आणि प्रशस्ती करणारा व व्यापारी यांच्यात आर्थिक वा अन्य संबंध असल्यास तो उघड केला पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १९००० : २०२२’ हे ग्राहक अभिप्रायांविषयीचे मानक प्रसिद्ध केले. सुरुवातीस ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. अभिप्राय देणाऱ्याची खातरजमा करणे आणि विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध न करणे, ही त्यातील प्रमुख तत्त्वे होत.

अन्य देशांतही याच दिशेने पावले पडली आहेत. अमेरिकेत बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री करण्यास मनाई करणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. ब्रिटनमध्ये तशी बंदी ६ एप्रिल २०२५ पासून आली. अमेरिकेतील दुसरा एक नियम अधिक बोधप्रद आहे. घरबसल्या धंद्याची संधी विकणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी किमान ७ दिवस आधी एक माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात स्वतःची ओळख, पूर्वीचे खटले, उत्पन्नाचे दावे, पैसे परत करण्याच्या अटी आणि पूर्वीच्या खरेदीदारांचे संदर्भ द्यावे लागतात. अशा माहितीपत्रकाचा आग्रह आपल्याकडील खरेदीदारालाही धरता येईल.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. संकेतस्थळ विकत घेतल्यावर त्यावरील प्रशस्तिपत्रे नव्या चालकाच्या नावावर झळकू लागतात. ती खोटी असतील, तर कालपर्यंत फसविला गेलेला खरेदीदार आजपासून, कदाचित नकळत, इतरांना फसविणारा विक्रेता होतो. म्हणून ज्या प्रशस्तिपत्रांचा पुरावा मिळत नाही, ती व्यवहार पूर्ण होताच काढून टाकणे हे शहाणपणाचे व प्रामाणिकपणाचे ठरेल.

पडताळणीची रीत

समजा, शिरूर तालुक्यातील एका तरुणाने कृषी पर्यटनाच्या नोंदणीचे चालू संकेतस्थळ विकत घेण्याचे ठरविले. दोन वर्षांत १,२०० कुटुंबे येऊन गेली, असा विक्रेत्याचा दावा असून संकेतस्थळावर ४१० अभिप्राय आहेत. तरुणाने बँकेचा खातेउतारा मागितला, तेव्हा नोंदणीची रक्कम केवळ २६० वेळा जमा झाल्याचे दिसले. प्रत्येक कुटुंबाने एक अभिप्राय दिला असे धरले, तरी १५० अभिप्रायांचा आधार लागत नाही. पुढे तारखा लावून पाहता १९० अभिप्राय एकाच आठवड्यात आल्याचे आढळले. काहींत मे महिन्यात शेतावरचा ताजा हुरडा खाल्ल्याचे वर्णन होते. ज्वारीचा हुरडा मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत होतो, हे या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील रीत कोणासही वापरता येण्याजोगी आहे. अभिप्रायांची संख्या विक्रीच्या पावत्यांशी ताडून पाहावी. तारखांचा क्रम लावावा. निरनिराळ्या नावांखाली तीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते काय, ते पाहावे. अभिप्रायासोबतचे छायाचित्र इतरत्र वापरले गेले आहे काय, हे छायाचित्र-शोधाच्या सोयीने कळू शकते. संकेतस्थळाची जुनी पाने इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात अनेकदा पाहावयास मिळतात; त्यावरून पूर्वीच्या तक्रारी काढून टाकल्या काय, याचा अंदाज येतो. भेट देणाऱ्यांच्या संख्येचे छायाचित्र स्वीकारू नये; मोजणीचा मूळ तक्ता विक्रेत्यासमक्ष उघडून पाहावा.

जमीन घेताना शिरूर-दौंडचा शेतकरी सातबारा, फेरफार व चतुःसीमा पाहिल्यावाचून विसार देत नाही. संकेतस्थळालाही स्वतःचा सातबारा असतो. डोमेन कोणाच्या नावे नोंदलेले आहे, त्याची मुदत केव्हा संपते, त्यावर कोणाचा वाद वा बोजा आहे काय आणि उत्पन्न कोणाच्या खात्यात जमा होते, या त्याच्या नोंदी होत.

विक्रेत्यास विचारावयाचे लेखी प्रश्न

१. डोमेन नावाची नोंदणी कोणाच्या नावे आहे व नोंदणीस जोडलेला ई-मेल व दूरध्वनी कोणाच्या ताब्यात आहे?

२. गेल्या २४ महिन्यांचे उत्पन्न व खर्च किती? त्यास बँकेचे उतारे आणि लागू असल्यास वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे यांचा आधार आहे काय?

३. प्रत्येक प्रशस्तिपत्र प्रत्यक्ष ग्राहकाचे आहे काय? त्यांपैकी कोणासाठी पैसे, सवलत किंवा मोफत सेवा दिली गेली?

४. प्रशस्ती करणाऱ्यांत विक्रेत्याचे नातेवाईक, नोकर किंवा भागीदार आहेत काय?

५. प्रतिकूल अभिप्राय काढून टाकले काय? ग्राहकांच्या तक्रारी, नोटिसा किंवा दावे प्रलंबित आहेत काय?

६. मजकूर व छायाचित्रे स्वतःची आहेत की दुसऱ्याची? ती वापरण्याची परवानगी हस्तांतरित होते काय?

७. ग्राहकांची नावे व क्रमांक कोणत्या संमतीने गोळा केले? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

८. विक्रीचे खरे कारण काय? विक्रीनंतर विक्रेता तशाच स्वरूपाचे दुसरे संकेतस्थळ सुरू करणार आहे काय?

ही उत्तरे सहीनिशी घेऊन करारनाम्याचा भाग करावीत. उत्तर खोटे निघाल्यास रक्कम परत करण्याची व नुकसानभरपाईची अट घालावी. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. डोमेन व सर्व परवलीचे शब्द ताब्यात आल्यावर मोठा हिस्सा द्यावा आणि उरलेला हिस्सा दोन-तीन महिन्यांच्या अनुभवानंतर द्यावा, असे ठरविणे हितावह होय. प्रशस्ती करणाऱ्यांपैकी तिघांशी बोलण्याची मागणी करावी. मात्र ती नावे विक्रेत्याने निवडून न देता खरेदीदाराने यादीतून निवडावीत.

फसवणूक झाल्यास

ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी एक भेद समजून घेतला पाहिजे. व्यापारी हेतूने खरेदी करणारा हा अधिनियमाच्या अर्थाने ग्राहक नसतो. परंतु स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविका चालविण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूची मानली जात नाही. त्यामुळे स्वतः राबणाऱ्या तरुणाला आयोगाचे दार उघडे असू शकते. मोठ्या संस्थेला दिवाणी न्यायालयात जावे लागण्याचा संभव अधिक. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

पैसे घेऊन विक्रेता नाहीसा झाला असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी खबर मिळाली तर ती रोखता येण्याची शक्यता अधिक असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीच्या गुन्ह्याविषयी आहे.

अनेक ग्राहकांच्या हक्कांना बाधा येत असेल, तर त्याविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते. अशा तक्रारींची चौकशी करून अहवाल पाठविण्याचा अधिकार २०१९ च्या अधिनियमाच्या कलम १६ ने त्यांना दिला आहे. महसूल खात्यातील अधिकाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

ग्रामपंचायतीलाही संकेतस्थळ तयार करून घेण्याचा प्रसंग येतो. पुरवठादाराने इतर गावांच्या सरपंचांची प्रशस्तिपत्रे दाखविल्यास त्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यास दूरध्वनी करून विचारणे हा काही मिनिटांचा प्रश्न आहे. डोमेनची नोंदणी ग्रामपंचायतीच्याच नावे असावी. ती पुरवठादाराच्या नावे राहिली, तर पुढे नूतनीकरणाच्या वेळी गावाचा पत्ताच त्याच्या मुठीत जातो.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. एखाद्या वस्तूविषयीचे दहा अभिप्राय वर्गात वाचून त्यांतील खरे-खोटे ओळखण्याचा पाठ मराठीच्या, गणिताच्या किंवा नागरिकशास्त्राच्या तासालाही घेता येईल. भाषा तीच तीच का आहे, तारखा एकत्र का आल्या, लिहिणाऱ्याचा लाभ कशात आहे, हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ पासून विज्ञान आश्रम हाताने काम करीत शिकण्याचा धडा देत आहे. व्यवहाराची पारख हीदेखील अशीच, प्रत्यक्ष पाहून व पडताळून शिकावयाची गोष्ट आहे.

संकेतस्थळांमुळे ग्रामीण उत्पादकाला नवी बाजारपेठ लाभली आहे. तिचा लाभ टिकावयाचा असेल, तर गुऱ्हाळवाल्याने आपल्या ग्राहकांचे खरे बोल, चार उणे शब्द असले तरी, जसेच्या तसे ठेवले पाहिजेत. आणि खरेदीदाराने विसार देण्यापूर्वी लेखी प्रश्न विचारले पाहिजेत. कायदा आधाराला आहे. परंतु त्याचा आधार मिळतो तो विचारणाऱ्याला व लिहून घेणाऱ्याला.